चेंडू हवेत असतानाच

आमच्या सरांना कोणी 'हे करू नका' असं सांगितलं की ते लगेच थांबायचे. आज्ञाधारकपणानं नव्हे. थांबायचे, आजूबाजूला बसायला काही आहे का ते बघायचे, ऐसपैस बसायचे आणि सांगणाऱ्याला आमच्या बोलीत 'का' विचारायचे, "काऊन?" सांगणारा बहुधा एखादा शिपाई नाहीतर रांग लावणारा सेवेकरी असायचा. त्यालाही कोणीतरी सांगितलेलं, म्हणून तो सांगायचा. तो बिचारा म्हणायचा, "साहेब, असंच आहे." झालं. त्याचा पुढचा अर्धा तास गेला म्हणून समजा, कारण 'असंच आहे' हे उत्तर सरांनी जन्मात कधी ऐकून घेतलं नाही.

मी सौंसरची, मध्य प्रदेशातल्या मराठी मुलखातली. लग्न होऊन, लेक शाळेत जायला लागल्यावर मला वकिली करायची हुक्की आली, आणि पांढुर्ण्याला सरांच्या हाताखाली शिकायला लागले. रोज सकाळची बस, संध्याकाळची बस. सर दिवाणी वकील. उंच, किडकिडीत, आणि चालताना एका बाजूला किंचित कललेले. त्यांच्या कलण्याचं कारण कोटाच्या खिशात होतं. डाव्या खिशात संत्री आणि उजव्या खिशात साली, अशी वाटणी असायची. सकाळी ते डावीकडे कललेले असत आणि कोर्ट सुटेपर्यंत सरळ होत. साली ते घरी नेऊन गुलाबाच्या मुळाशी टाकायचे. एकदा एक न्यायाधीश हसून म्हणाले होते, "वकील साहब, आपका तर्क बाद में आता है, ख़ुशबू पहले." सरांनी ते आयुष्यभराचं प्रशस्तिपत्रक मानलं.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "नियमाले बी माय-बाप असते. पह्यले माय-बाप दाखव, मंग मी त्याच्या पाया पडतो." आणि खरोखर पडायचे. तालुक्याच्या जुन्या दफ्तराच्या खोलीत चहा न्यायची बंदी होती. सरांनी तिथल्या म्हाताऱ्या दफ्तरदाराला दोन महिने छळलं. शेवटी त्यानं वैतागून एक जुना नकाशा काढून पुढे टाकला. दोन भावांच्या शेताचा बांध जिथे होता, नेमका तिथेच कपाच्या बुडाचा गोल तपकिरी डाग होता. बांध दिसत नव्हता आणि भाऊ वर्षानुवर्षं भांडत होते. सरांनी त्या डागाला हात जोडले. त्या दिवसापासून त्यांनी त्या खोलीत चहा नेला नाही एवढंच नव्हे, तर दुसरा कोणी कप घेऊन त्या बाजूनं चालला तरी हे व्हरांड्यातून ओरडायचे. एकदा एका मोठ्या अधिकाऱ्याच्या हातातला कप त्यांनी काढून घेतला होता. अधिकाऱ्याला नकाशा दाखवल्यावर तोही नरमला.

लग्नाकार्यात मात्र लोक त्यांना घाबरून असायचे. तिगावला एका लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी यांनी गुरुजींना विचारलं, "हा अंतरपाट काऊन?" गुरुजी म्हणाले, "वधूवरांनी मुहूर्ताआधी एकमेकांस पाहू नये म्हणून." सर म्हणाले, "हे दोघं सहा महिन्यांपासून मोबाइलवर रोज एकमेकाले पाहून राहिले. मंग?" मांडवात हशा पिकला. नवरीचा मामा लाल झाला. गुरुजी अंतरपाट खाली घ्यावा की वर, अशा पेचात. मुहूर्त जायला आला तेव्हा सरांनीच निकाल दिला. "धरा धरा, वरच धरा. फोटो मस्त येते. हे बी प्रयोजनच आहे." नवरदेव इतका हसला की त्याच्या मुंडावळ्या सुटल्या.

देवाधर्माचं मात्र त्यांचं वेगळं होतं. दर शनिवारी जामसांवलीला जायचे. तिथला हनुमान निजलेला आहे. रांगेत दोरी कशाला, चपला इकडेच कशाला, यावर सेवेकऱ्यांशी घासाघीस करत करत ते गाभाऱ्यापर्यंत पोचायचे आणि देवासमोर एकदम गप्प व्हायचे. मी एकदा खोचकपणे म्हटलं, "सर, देव आडवा काऊन निजला, हे नाही विचारत तुम्ही?" ते गंभीरपणे म्हणाले, "बाई, तिथं आपलं कार्यक्षेत्र नाही."

आता त्यांनी चेंबर बंद केलं आणि मुलाकडे बंगळुरूला गेले. तिथल्या सोसायटीत कुत्र्यांना लिफ्टमध्ये नेऊ नये असा नियम आहे, त्याचे माय-बाप शोधताहेत. सोसायटीचा सचिव जिन्यानं जायला लागला असं मुलगा फोनवर सांगत होता.

सरांच्या चेंबरात संध्याकाळी वाद चालायचा. एखादा नियम घ्यायचा, दोन ज्युनिअरांनी दोन बाजू घ्यायच्या. सर संत्रं सोलत ऐकायचे. मुद्दा पटला की एक फोड त्या ज्युनिअरच्या हातावर. काहीतरी पुचाट बोललं की तीच फोड त्याच्याकडे बघत बघत स्वतः खायचे. अर्धं संत्रं संपलं की बाजू बदलायच्या, आणि आतापर्यंत जे घसा फोडून सांगितलं ते खोडून काढायचं. बसमधल्या बायकांच्या जागेवर म्हातारा माणूस बसला तर त्याला उठवायचं का, यावर आम्ही तीन संत्री घालवली होती. मोसम संपला की वाद शेंगदाण्यांवर यायचा आणि त्याचा दर्जा फार घसरायचा. पहिल्या महिन्यात मला एकही फोड मिळाली नाही. जिला स्वतःच्या बागेतली संत्री टोपल्यानं खायची सवय, तिला एका फोडीसाठी रडू यावं, हे मी घरी कोणाला सांगितलं नाही.

असा माणूस. त्याच्यासमोर दोन वर्षांपूर्वी सॉफ्टबॉल आला.

आमच्याकडे सॉफ्टबॉल म्हटलं की लोक आधी विचारतात, म्हणजे प्लास्टिकचा का? माझी लेक मनू तेव्हा दहावीत होती आणि सौंसरच्या शाळेच्या संघात खेळायची. बेसबॉलचीच ही धाकटी बहीण. चेंडू थोडा मोठा, मैदान थोडं लहान. पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि मुलींच्या सामन्यांचं छिंदवाड्याला जाणं संपलं. आता आमच्याआमच्यातच अंतिम सामना, पांढुर्णा विरुद्ध सौंसर, आणि जिंकेल ती शाळा पुढच्या सामन्यांना जबलपूरला. जिल्ह्याचं ठिकाण पांढुर्ण्याला गेलं म्हणून सौंसरवाले तसेही जरा फुगलेलेच. निदान चेंडू तरी आपला, अशा इरेला पडून दोन ट्रॅक्टर भरून माणसं सामना बघायला गेली होती.

शेवटच्या डावात सौंसर एका धावेनं पुढे होतं. पांढुर्ण्याची एक मुलगी बाद झालेली, आणखी दोन बाद झाल्या की सामना आमचा. त्यांच्या दोघी पळायला उभ्या, एक पहिल्या थांब्यावर, म्हणजे बेसवर, एक दुसऱ्या. मनू दुसऱ्या-तिसऱ्या थांब्यांच्या मधे उभी. पांढुर्ण्याच्या मुलीनं चेंडू मारला तो सरळ आभाळात. लेकीच्या डोक्यावर. ती खाली जाऊन उभी राहिली, दोन्ही हात वर केले, आणि चेंडू हातात येऊन सुटला. खाली पडला. तिनं पटकन उचलून तिसऱ्या थांब्यावर फेकला, तिथून दुसऱ्या थांब्यावर गेला, आणि पांढुर्ण्याच्या दोन्ही पळणाऱ्या मुली बाद. सामना खलास! मी एवढ्या जोरानं उड्या मारल्या की माझी एक चप्पल पुढच्या माणसाच्या मांडीवर गेली.

मग गलका झाला. पांढुर्ण्याच्या खेळशिक्षिका हातात नियमांची पुस्तिका नाचवत मैदानात आल्या. "पाडला, तिनं मुद्दाम पाडला!" कोणीतरी ओरडलं. मग पुष्कळ जण ओरडायला लागले. मनू मैदानाच्या मध्यात उभी होती आणि तिचे हात अजून तसेच, झेल घेताना धरतात तसे, छातीशी होते.

त्या संध्याकाळच्या बसमध्ये मी जे केलं ते मला आजही आठवलं की लाज वाटते. आई असते तर मी पोटाशी धरलं असतं. पण मी वकील होते. मी तिला विचारलं, "मनू, हो का नाही, एवढंच सांग. मुद्दाम सोडला का?" उलटतपासणीत विचारतो तसं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीबाहेर तोंड केलं. त्यानंतर ती माझ्याशी बोललीच नाही. जेवायला वाढलं की जेवायची, डबा दिला की घ्यायची, पण शब्द नाही. खेळाचा हातमोजा तिनं दारामागे खुंटीला टांगला आणि सकाळी सरावाला जाणं बंद केलं. माझी बडबडी पोर. घर कसं खायला उठलं होतं.

इकडे जिल्ह्याच्या क्रीडा कार्यालयात तक्रार गेली. निकाल द्यायचा कोणी? कार्यालय नवीन, अशी तक्रार त्यांनी आधी बघितलेली नाही. त्या भल्या माणसांनी तालुक्याच्या वकिलांना पत्र पाठवलं, की या नियमाबाबत कायदेशीर मत द्यावं. आणि वकिलांच्या हातात खेळ गेला की जे व्हायचं तेच झालं. पहिल्याच दिवशी दोन्ही शाळांकडून वकीलपत्रं दाखल झाली. पांढुर्ण्याकडून एक फौजदारी वकील उभे राहिले, आडवा बांधा आणि घंटेसारखा आवाज. सौंसरकडून मी. आणि दोघांनीही पहिलं काम काय केलं, तर पुढची तारीख मागितली. जबलपूरची गाडी शनिवारी सुटणार होती आणि आम्ही सोमवारची तारीख मागून राहिलो होतो! सवयच लागलेली.

निवाडा करायला सगळ्यांनी एकमुखानं सरांचं नाव घेतलं. सरांनी आधी आम्हा दोघांच्या तारखा उडवून लावल्या. "शुक्रवारी निकाल. शनिवारी पोट्ट्या गाडीत. कोणाले काही म्हणाचं आहे?"

सरांना सॉफ्टबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी पुस्तिका मागवली आणि टेबलावर मैदान मांडलं. शाईचे चार पॅड म्हणजे चार थांबे, संत्री म्हणजे खेळाडू, लिंबू म्हणजे चेंडू. मी गेले तेव्हा ते लिंबू वर फेकून झेलत होते आणि दर वेळी चष्म्यावर घेत होते.

"बाई, ये. हे पाह्य," म्हणाले. "चेंडू झेलला, तं मारणारी बाद. मंग या दोघींनी आपल्या जागीच थांबाचं, पळाचं नाही. चेंडू जमिनीवर पडला, तं मागून दुसरी येऊन राहिली म्हून यांले जागा सोडून पळाच लागते. बरोबर?"

"बरोबर."

"आता चेंडू सोपा आहे, झेलणारच असं साऱ्याईले दिसून राहिलं. म्हून या थांबल्या. आणि तुझ्या पोट्टीनं पाडला. आता यांले पळाच लागते, पण वेळ कुठी आहे? दोघी खलास. झेलला असता तं एकच बाद होती. पाडला तं दोन!" सरांचे डोळे चमकत होते. "काम बिघडवलं तं जास्त फायदा! म्हून नियम काय म्हणते, का असा सोपा चेंडू वर गेला, तो हवेत असतानाच पंचानं ओरडून मारणारीले बाद देऊन टाकाचं. मंग झेलो का पाडो, पळणाऱ्या आपल्या जागी सुखात. केवढा हुशार माणूस असन ज्यानं हे लिहिलं!"

त्यांना इतकं खूष मी क्वचित पाहिलं होतं. आणि पंच का ओरडला नाही? सामन्याचे पंच तिगावकडचे एक खेळशिक्षक होते. सरांनी त्यांना बोलावून विचारलं. ते मान खाली घालून म्हणाले, "साहेब, चेंडू असा गेला न वर, असा गेला... मी पाहतच राहून गेलो." सरांनी त्यांना चहा पाजला. "हा साऱ्यात प्रामाणिक साक्षीदार," म्हणाले.

दोन दिवस वकिलांच्या खोलीत दुसरं काही चाललं नाही. गुन्ह्यांचे, फारकतींचे, बांधांचे पक्षकार बाहेर बाकावर ताटकळत, आणि आत काळे कोट लिंबं फेकताहेत. हा नियम कशासाठी? कोणी म्हणे लबाडी रोखायला. कोणी म्हणे पळणाऱ्यांच्या रक्षणाला. एका तरुण वकिलानं तर भागीदारी कायद्याचा दाखला काढला. जो आपलं काम मुद्दाम करत नाही आणि वरून नफा मागतो, त्याला नफा नाही, असं त्याचं म्हणणं. त्याला सरांनी अख्ख्या तीन फोडी दिल्या.

शुक्रवारी दुपारी सुनावणी. खोली गच्च. सौंसरचा संघ शाळेच्या गणवेशात बाहेरच्या व्हरांड्यात बसला होता. मनू एका खांबाला टेकून, इतरांपासून जरा अंतरावर.

मी उभी राहिले. माझी बाजू तयार होती. "नियम लबाडी रोखायला आहे," मी म्हटलं. "म्हणजे नियत काय होती, याला महत्त्व आहे. इथे लबाडी नाही. मुलीच्या हातून चेंडू निसटला. जिथे लबाडीच नाही तिथे नियम लागत नाही, आणि पंचानंही तो लावला नाही. म्हणून सामना सौंसरचा." माझ्या मते मी झकास बोलले. सरांनी संत्रं सोललं होतं, पण फोड काढली नाही.

फौजदारी वकील उठले. त्यांनी माझ्याकडे बघून गोड हसून नमस्कार केला. "मॅडमचं मी पूर्ण मानतो," ते म्हणाले. "त्याच म्हणून राहिल्या, का नियत पाह्याची. मंग नियत पाहू. पोरगी बाहेर बसून आहे. बोलवा आत. दोन प्रश्न विचारतो, दुधाचं दूध होऊन जाईल."

माझ्याच युक्तिवादानं मी माझ्या लेकीला पिंजऱ्यात उभं केलं होतं. सगळ्यांनी दाराकडे बघितलं. दारातून मनू दिसत होती. तिला ऐकू गेलं असणार, कारण ती उठून उभी राहिली आणि ओढणी सारखी करायला लागली. येणारच होती ती. त्या दिवशी कोणी हाक मारली असती तर ती आली असती, आणि मग मला वाटतं ती पुन्हा कधी खेळली नसती. माझ्याशी बोलली असती की नाही, हाही प्रश्नच.

सरांनी संत्रं खाली ठेवलं.

"थांबा," ते म्हणाले. "दोन दिवसांपासून तुम्ही सारे म्हणून राहिले, का हा नियम लबाडी रोखाले आहे. मी बी तेच समजून राहिलो होतो. पण तसं असतं तं पुस्तकात लिहिलं असतं, 'मुद्दाम पाडला तं.' या नियमात 'मुद्दाम' कुठी आहे? दाखवा मले."

पुस्तिका हातोहात फिरली. 'मुद्दाम' कोणाला सापडेना.

"नाही न? काऊन नाही लिहिलं?" त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "कारण लिहिलं असतं तं दर खेपेस त्या पोट्टीले विचारा लागलं असतं. हे पाहा, तिनं पाडला, नाहीतं पडला. बाहेरून दोन्ही सारखंच दिसते. आतलं तिच्याशिवाय कोणाले माहीत नाही. आणि कधी कधी तिले बी पुरतं माहीत नसते. उन्हात डोळे दिपले, हात घामेजले, मनात एक क्षण काही येऊन गेलं, याचा हिशेब कोण करन? म्हून नियम करणाऱ्यानं म्हटलं, बावा, ही पाळीच नको. चेंडू हवेत आहे तवाच निकाल लावून टाका. मंग खाली काही बी होवो, तिच्याकडे बोट दाखवाले कोणाले जागा राहत नाही."

सरांचा आवाज एकदम हलका झाला.

"पळणाऱ्या पोट्ट्यांसाठी तं हा नियम आहेच. पण मले विचारान, तं खाली हात वर करून जी एकटी उभी आहे न, हा तिच्यासाठी आहे. तिच्यावर आळ येऊ नये म्हून. म्हून या पोट्टीले कोणी काही विचारणार नाही. वकील नाही, मास्तर नाही." मग त्यांनी चष्म्यावरून सरळ माझ्याकडे बघितलं. "आणि माय बी नाही."

बसमधली गोष्ट मी त्यांना सांगितलेली नव्हती. कोणालाच नव्हती. पण मी मान खाली घातली, आणि सगळ्यांदेखत माझ्या डोळ्यांना धार लागली.

निकाल माझ्या विरुद्ध गेला. पंच ओरडले नाहीत तरी नियम होताच. चेंडू मारणारी मुलगी बाद, दोघी पळणाऱ्या आपापल्या जागी परत, आणि सामना तिथूनच पुढे, आजच, उजेड आहे तोवर. सौंसरची जिंकलेली बाजी मी वकील असताना पुन्हा मैदानात गेली. आणि मी जन्मात कुठली केस जिंकून एवढी सुखावले नाही, जेवढी ही हरून सुखावले.

मी व्हरांड्यात गेले. मनू खांबाशीच होती. मी म्हटलं, "मनू, मी विचाराले नको होतं. माझं चुकलं." ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली. पण तिच्या मैत्रिणीनं पिशवीतून तिचा हातमोजा काढून पुढे केला. ती पोरगी तो आमच्या खुंटीवरून सकाळी गुपचूप घेऊन आली होती. मनूनं तो घेतला.

मग काय, सगळं गाव मैदानाकडे. काळे कोट पुढे, पक्षकार मागे. ज्यांच्या तारखा होत्या ते दोन सख्खे वैरीही एकाच मोटारसायकलवर बसून आले होते. सरांसाठी कोणीतरी घडीची खुर्ची आणली.

पांढुर्ण्याच्या आता दोघी बाद होत्या. अजून एक बाद झाली की संपलं. दोघी बाद असल्या की तो नियमही लागत नाही, कारण पाडून फायदाच नसतो. झेलायचा म्हणजे झेलायचाच. पहिला चेंडू गेला. दुसरा गेला. तिसरा त्यांच्या मारायला आलेल्या नव्या मुलीनं उचलून मारला, आणि तुम्ही म्हणाल मी रचून सांगते, पण अख्खा पांढुर्णा साक्षीला आहे. चेंडू परत मनूकडेच. तेवढा उंच नव्हता. तिच्या डावीकडे, मागे पडत चाललेला. मनू पाठ करून धावली, मान वळवली, हात लांबवला, धडपडली, मातीत लोळली. धूळ खाली बसली तेव्हा तिचा हातमोजा वर होता आणि त्यात चेंडू होता.

निकाल ऐकायला आलेले सौंसरचे ट्रॅक्टर एकदम हॉर्न वाजवायला लागले. तिगावचे पंच या वेळी एवढ्या मोठ्यानं "आऊट!" ओरडले की त्यांना खोकल्याची उबळ आली. आणि तेवढ्यात आमच्या मागून पांढुर्ण्याचा एक जण म्हणाला, "पाहा! झेलता येते न तिले बरोबर? म्हंजे तवा मुद्दामच..."

सर खुर्चीतून असे उठले की खुर्ची मिटून खाली पडली.

"हा पुरावा नाही!" ते गरजले. "पाडला असता तं म्हटलं असतं, पाहा पाडतेच. झेलला तं म्हणता, पाहा झेलता येते. आजच्या हातावरून त्या दिवशीच्या हाताचा निकाल लागत नाही! लिहून घ्या!" लिहून घ्यायला कोणी नव्हतं, पण फौजदारी वकिलांनी सवयीनं पेन काढलं आणि मग आपणच हसत सुटले. हसू एवढं पसरलं की तो बोलणाराही हसायला लागला आणि सौंसरच्या मुलींना पेढे वाटायला सर्वांत आधी तोच धावला.

परतीच्या बसमध्ये मनू खिडकीशी बसली. केसांत माती, कोपर खरचटलेलं, चेंडू हातात. बराच वेळ ती तो नुसता फिरवत होती.

"आई," ती एकदम म्हणाली. सहा दिवसांनी.

"काय वो?"

"तुले अजून विचाराचं आहे न?"

वकिलाला खोटं बोलता येतं, पण इतक्या जवळून येत नाही. "आहे," मी म्हटलं. "पण विचारत नाही."

"आज नाही का कधीच नाही?"

"कधीच नाही."

ती हसली. माझ्या पिशवीतून हक्कानं चिवड्याची पुडी काढली, अर्धी फस्त केली, आणि जामसांवलीचा फाटा यायच्या आधी माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. तिनं तो चेंडू पाडला होता की तो पडला होता, मला अजून माहीत नाही. आता ती कॉलेजात जाईल. घरी आली की दिवसभर काही ना काही सांगत असते, आणि मी ऐकत असते.